उगारलेली तलवार

अरे ऐका ना, एदो शहरातल्या आमच्या छापखान्यात मी समोरच बसलो होतो!

तोमेकिची योद्ध्याचं चित्र छापत होता. अजून नुसती काळी शाई. लाल रंगाचा लाकडी ठसा शेवटी लागतो, तो भिंतीशी कोरडाच. पहिल्या कागदावर योद्ध्याच्या पायाखाली एक माणूस, त्याच्यावर तलवार उगारलेली. दुसऱ्यावर ती खांद्यापर्यंत खाली आलेली!

"कागद खुणेवरून सरकला असेल, येड्या."

"आणि पायाखालच्या माणसाच्या मानेवर तुझा तीळ? थांब ना, दादा!"

"गप, नाहीतर तुझीच मान धरीन!" हसत त्याने नवा कागद ठशावरच्या खुणेला नीट लावला, कागदाच्या पाठीवरून घासायला लागला.

कागदाच्या पाठीवर लाल फुटलं. मी कागद ओढून उलटला. पायाखालच्याचं मुंडकं उडालेलं!

वर पाहिलं. तोमेकिचीचा हात उघडा ठसा घासतच होता, आणि मानेवर डोकं नव्हतं.