पाण्याकडचं वळण

मार्लीनने हँगरवरचा रेशमी झगा दिव्याखाली धरला.

"टनिका, या दोघी चालल्यात कुठं?"

टनिका तिच्या बहिणीची मुलगी. चित्र मावशीचं, कापडावर ते छापलं टनिकाने, झगेही तिनेच शिवले. आज ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये तिचा पहिला फॅशन शो होता आणि बाहेर खुर्च्या भरत आल्या होत्या. टनिकाने झगा पाहिला. मावशीच्या चित्रातल्या दोघी बहिणी खडकापाशी डावीकडे वळतात, पाण्याला जातात. झग्यावर त्या उजवीकडे वळल्या होत्या. उजवीकडे पुरुषांच्या विधींची जागा. तिथे बाईने पाऊल टाकायचं नाही, चित्रातसुद्धा नाही.

"छापायच्या जाळीवर फिल्म पालथी ठेवली मी, चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटलं," टनिका म्हणाली. "नुसते रंग बघत बसले गं. सगळेच झगे असे झालेत."

शोची व्यवस्था बघणारी फिलिपा मध्ये पडली. "अहो, किती सुंदर दिसतायत. डावं-उजवं इथं कुणाला कळणार आहे?"

"पहिल्या रांगेत माझा थोरला भाऊ बसलाय. त्याला विचारून ये."

"मार्लीन, आता ऐनवेळी काय करणार? जरा समजून घ्या ना."

समजून घ्यायची वेळ आली की ती नेमकी आपल्या आदिवासी लोकांवरच येते, हे टनिका शाळेपासून बघत आली होती. ती उठली.

"हे झगे असे बाहेर जाणार नाहीत. यादीतून माझं नाव काढा."

दोन वर्षं तिने या दिवसाची वाट पाहिली होती. तयार होऊन उभ्या असलेल्या मामेबहिणीच्या अंगातला झगा तिने डोक्यावरून ओढून काढला, तो उलटा होऊनच हातात आला. रेशीम पातळ, रंग आरपार उतरलेला. आतल्या बाजूला दोघी बहिणी, जरा फिकट, डावीकडे वळल्या होत्या.

मावशीने बोट टेकवलं. खडकापासून वाटेवाटेने पाण्यापर्यंत नेलं.

"या पोचल्या बघ," ती म्हणाली.

"पोरींनो, सगळ्यांनी उलटे घाला," टनिका म्हणाली.

"वेडी आहेस का?" फिलिपा म्हणाली. "शिवणी दिसतील, दोरे लोंबतायत. पहिलंच काम तुझं. लोक म्हणतील, हिला शिवता येत नाही."

"म्हणू देत. शिवणीची लाज वाटत नाही मला."

संगीत सुरू झालं. पोरी निघाल्या, काखेतल्या शिवणी बाहेर, लेबलं बाहेर, ताठ मानेने. खुर्च्यांमधून कुजबुज उठली, कुणीतरी हसलंही. पडद्याआडून फिलिपाने कपाळाला हात लावला.

टनिकाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मामाकडे बघत होती. कपड्यांत काडीचा रस नसलेला तो म्हातारा पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता. पहिली पोरगी जवळ आली. त्याने झग्यावरची वाट नीट पाहिली. मग नजर खाली घातली आणि दोन्ही पाय आखडून घेतले, बाया पाण्याला निघाल्या की पुरुष वाट सोडायला घेतात तसे.