चार बोटं

मक्याच्या कोठीत लेलँड गळ्यापर्यंत गाडला गेला होता. छाती आवळल्यामुळे आवाज फुटत नव्हता. मी फळीवर पालथा पडून त्याच्या तोंडापुढचे दाणे हातांनी उपसत होतो. उपसले तेवढे पुन्हा घसरत होते. अग्निशमन दलाचा बंब अजून वाटेतच होता.

"अरे गाढवा, बाहेर ये! त्याच्याबरोबर तूही जाशील!" वर कोठीच्या छताच्या झडपेत माझ्या कमरेचा दोर धरून बसलेला मर्विन ओरडला.

तीस वर्षांपूर्वी गावच्या शाळेच्या बेसबॉल संघात आम्ही तिघेही होतो. लेलँड चेंडू टाकायचा आणि मी समोर उकिडवा बसून त्याला बोटांनी खुणा करायचो. खूण पटली नाही की तो मान हलवून नाही म्हणायचा. चार बोटं म्हणजे, समोरचा फलंदाज भारी आहे, लढू नकोस, जाऊ दे. ती खूण केली की लेलँड मला शिव्याच घालायचा.

आता त्याचा एकच हात मोकळा होता. माझ्याकडे बघत त्याने चार बोटं वर केली.

"काय म्हणतोय रे?" मर्विनने विचारलं.

"काही नाही. दुसरी फळी टाक."

आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, लेलँडला मान हलवून नाही म्हटलं.