न कळणारा पिक्चर

रविवारी दुपारी टीव्हीवर जुना ब्लॅक अँड व्हाइट आर्ट पिक्चर लागला होता. अख्खं घर पाण्याखाली, आणि तिथंच एक बाई शांतपणे अंगण झाडतेय, भाकरी थापतेय. ना गाणी, ना बोलणं.

"आई, पाण्यात कुणी भाकरी थापतं व्हय? क्रिकेट लावू दे की!" गोरख वैतागला.

"गप रं जरा." चिमाबाईंची पापणी हलत नव्हती.

मांडीवरच्या बाळाला थोपटत स्नेहलनं नवऱ्याच्या हातून रिमोट काढून घेतला. पिक्चर संपल्यावर तिनं सासूला हळूच विचारलं, "आत्या, एवढं काय आवडलं त्यात?"



"आंबेगाव धरणात गेलं तवापासून डोळं मिटलं की मला हेच दिसतंय. फकस्त आपला गोठा डाव्या अंगाला व्हता."