नुसतं दिसायला

वीस बाजूंचा फासा टेबलावरून घरंगळत चहाच्या कपाला अडला आणि तीनवर थांबला. चष्मेवाल्याने समोरच्या वहीत पाहिलं. तीन म्हणजे खेळातला राक्षस शांततेचं वर्तुळ टाकतो. वर्तुळात कुणाच्या तोंडून आवाज फुटत नाही, आणि मंत्र तर मोठ्याने म्हणावे लागतात.

वर्तुळात नेमकी मांत्रिकच उभी होती. मांत्रिक म्हणजे त्याची बायको. रविवारी दुपारी ही चौकडी जमायची. तो गोष्ट सांगायचा, बाकीचे तिघं गोष्टीतली माणसं व्हायचे, आणि काय साधलं, काय फसलं ते फासे ठरवायचे. आज चार महिन्यांनी टेबल मांडलं होतं. मध्ये तिच्या घशाचं ऑपरेशन झालं; जीव वाचला, आवाज गेला. वहीतला हा डाव त्याने त्याच्याही आधी लिहून ठेवलेला, आणि तो पुन्हा एकदा वाचून बघावा एवढं त्या शहाण्याला सुचलं नव्हतं.

"तीन म्हणजे काय हो, भावोजी?" मेव्हण्याने विचारलं.

फासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडला होता, लपवायची सोय नव्हती. त्याने सांगून टाकलं.

मेव्हणा रिकाम्या कपात चमचा ढवळत राहिला. बायकोची मैत्रीण दातांची डॉक्टर, दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारी. आता तिचीच दातखीळ बसली.

"पण ताई तर हातांनी मंत्र करते," मेव्हणा म्हणाला. "सुरुवातीलाच ठरलं ना आपलं?"

ठरलं होतं. त्यानेच मोठ्या हौसेने सुचवलं होतं की मांत्रिक आता मंत्र म्हणणार नाही, हातांच्या खुणांनी करेल. नुसतं दिसायला वेगळं, नियम तोच. तिने मान डोलावली होती. हेच तो चार महिने सगळ्यांना ऐकवत होता, आईला, शेजाऱ्यांना, ती शिकवायची त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला. तसं काही बदललेलं नाही हो, बाकी सगळं तेच.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नियम लावावा तर दुष्टपणा, सोडावा तर दया. आणि दयेचा तिला वीट आला होता, हे त्याला दिसत होतं. दवाखान्यातून आल्यापासून तिने चिठ्ठी लिहावी आणि घरादाराने हो म्हणावं, असंच चाललं होतं. चिठ्ठ्या दिवसेंदिवस छोट्या होत चालल्या होत्या.

"नियम तोच," तो अखेर म्हणाला. "आवाज नाही, तर मंत्र नाही."

म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"अहो, खेळ आहे हा," डॉक्टर म्हणाली. "सोडून द्या की."

बायकोने मात्र लिहायचा कागद पुढे ओढला होता. "शांततेत हात कसे बंद पडतात?"

"हात नुसते दिसायला आहेत गं. आतून तो मंत्रच. शांततेतही तुझी जादू चालली तर तो तुझा फायदा झाला. या दोघांना नाही मिळत तो."

तिने खसाखसा लिहिलं. "मग तोटाही मलाच दे. हात बांधले की माझी जादू बंद. आधी बांधल्या हातांनीही चालायची."

"अगं, पण आपलं ठरलं होतं..."

तिने टेबलावर थाप मारली. कप हिंदकळले. मग ती लिहीत सुटली, कागद फाटतो की काय अशी. लिहून झाल्यावर तिने तो त्याच्या नाकासमोर धरला.

"तू ठरवलंस. मी मान डोलावली, कारण तुला बरं वाटावं. मला दिसायला वेगळं नको. मी खरंच हातांनी बोलते. सगळं तेच नाही, आणि हे तुझ्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे."

त्याने ते दोनदा वाचलं. चार महिन्यांत तिने एवढं लांब काही लिहिलं नव्हतं, आणि त्याच्याशी भांडली तर नव्हतीच. त्याला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. सगळं तेच आहे, हे बाकी कुणाला नाही, त्यालाच ऐकायचं होतं.

मांत्रिकेचे नियम लिहिलेल्या कागदावर 'मंत्र: आवाजाने' असं होतं. त्याने शेवटचा शब्द पेनाने खोडला आणि वर 'हातांनी' लिहिलं.

"चालेल तुझी जादू. टाक."

तिने फासा टाकला. अठरा पडले. राक्षसाचा डावा पंख जळून खाली आला आणि मेव्हण्याने इतक्या वेळाने चमचा खाली ठेवला.

"आता त्याची पाळी," चष्मेवाला म्हणाला. "जादू कुठून येते ते त्याने पाहिलंय. तो तुझे हात धरायला धावतोय. आणि मी सूट देणार नाही."

"भावोजी, अहो..."

तिने भावाला खुणेनेच गप्प केलं आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.