ताठ फळी, मऊ फळी

"ताठ फळी वेगाची, मऊ फळी खेळाची. मऊ चूक पोटात घालते, ताठ घालत नाही." स्नोबोर्ड घडवताना कासियान लहानग्या लेकीला सांगायचे.

लिओबा शर्यतीत उतरली ती बाबांच्याच फळ्यांवर. पहिल्या हिवाळ्यात जिंकली, पुढे मात्र कायम मागे. "लिओबाबाई, पाय घरी विसरलात का?" गाव चिडवायचं.

आज सरावाला तिनं मैत्रिणीची फळी घेतली आणि कडक बर्फावरून ती सुरीसारखी उतरली. घरी येऊन तिनं आपली फळी भिंतीला टेकवली, मधोमध तळहातानं दाबली. ओल्या फांदीसारखी वाकली.

"बाबा, ताठ म्हणून मला मऊ फळ्या कधीपासून देताय?"

कासियान हातातल्या फळीच्या तळाला मेण घासत राहिले.

"तू पहिली आलीस ना, तेव्हापासून. तुझा तो वेग मला बघवला नाही गं."