मोठी चाकं

एकोणचाळीस साली उत्तनहून भाईंदर स्टेशनला भाड्याची मोटार चालवणारे दोघेच, एडविन आणि फ्रँक, आणि दोघांचं हाडवैर. फ्रँकची गाडी जास्त पळते म्हणून एडविनने रघू मिस्त्रीला फितवलं आणि त्याच्या तोंडून फ्रँकच्या गळी उतरवलं, "मोठी चाकं लाव, चाकाच्या एका फेऱ्यात जास्त अंतर कापशील." मोठ्या चाकांची गाडी जागची उठायलाच वेळ घ्यायची. तोवर गिऱ्हाइकं भरून एडविन पुढे, आणि जाताना रोज ओरडायचा, "ये मागून सावकाश."

पुनवेलाही तो तसाच सुटला. कोळ्याचा मुलगा असून उधाण विसरला. मिठागरांपाशी खाडीचं पाणी रस्त्यावर चढलं होतं. ते इंजिनात शिरलं आणि त्याची बुटकी गाडी बंद पडली. मागून फ्रँकची उंच गाडी डुलत आली. एडविनची सगळी माणसं तिच्यात चढली. शेवटी एडविननेही पायरीवर पाय ठेवला.

फ्रँकने तो पाय खाली ढकलला.

"चाकं कोणाच्या डोक्यातली, ते रघूनं मला तवाच सांगितलं. मी उधाणाची वाट बघत व्हतो. ये आता मागून सावकाश."