गिटारांखालचा आवाज

आईने हेडफोन लावून डोळे मिटले आणि मी खुर्चीत अवघडून बसलो.

आमच्या बँडचा पहिलाच अल्बम. ब्लॅक मेटलच्या किंकाळ्या आणि त्यांवर शूगेझच्या धूसर गिटारांचे थर. या संगीतात गायकाचा आवाज मुद्दाम गिटारांखाली गाडतात, म्हणून तर शेवटच्या गाण्यात मी खरं काय ते ओरडून टाकलं होतं. बँडमधल्या कुणालाही त्यातला एक शब्द कळला नव्हता.

"डोकं उठलं ना? बंद करू?"

तिने हातानेच मला गप्प केलं आणि मान किंचित कलती केली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वीस वर्षं ट्रंक कॉल जोडताना, खरखरीतून पलीकडचा माणूस ऐकताना ती अशीच बसायची. हे मला आत्ता आठवलं.

शेवटचं गाणं संपलं. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"बाबा गेले त्या दुपारी त्यांनी तुला फोन केला होता? आणि तू कट केलास?"

मी खाली बघत हो म्हणालो.

ती हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"तुझ्यानंतर त्यांनी मला लावला होता," ती म्हणाली. "मीपण नाही उचलला."